गेल्या वर्षीच्या अंकाबद्दल दोन शब्द

आमच्या संगीत मंडळाचा वार्षिक मेळावा २१ ऑगस्टला असतो. गांधर्व महाविद्यालय काढणारे गायक पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ साली याच तारखेला इथंच, मिरजेत गेले. त्यामुळे ‘रविवारी घेऊ या का?’ असं कुणी दरवर्षी विचारतं आणि दरवर्षी ते तिथंच राहतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन हे सगळं व्हायचं तसं होतं. त्यावर मी शाई घालवत नाही.

मी वाट बघतो ती त्यानंतरच्या दहा मिनिटांची. मंडळाच्या नव्या वार्षिक अंकाचं प्रकाशन होण्याआधी आम्ही एका साध्या वाचकाला उभं करतो. गाणारा नको, लेखक नको, देणगीदार तर नकोच. कार्यक्रमपत्रिकेत त्या भागाचं नाव ‘गेल्या वर्षीच्या अंकाबद्दल दोन शब्द’. ही कल्पना आमच्या जुन्या संपादक सरांची. मंडळाचा अंक आज जसा दिसतो, त्यातलं निम्मंअधिक याच दहा मिनिटांतून आलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

सुरुवातीचे अंक पाहुण्यांसाठी काढल्यासारखे होते. गुळगुळीत आर्ट पेपर, पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, आत घराण्यांवर भारदस्त लेख. खरं तर भारदस्त वाचायचं तर आमच्याच गावाशी नातं असलेलं ‘संगीत कला विहार’ हे मासिक १९४७पासून आहेच, तिथं आमचा पाड कसा लागणार? आमचा वाचक म्हणजे संगीताच्या प्रवेशिका परीक्षेला बसलेली मुलगी, तिची आई, संध्याकाळी भजनाला जाणारे आजोबा आणि सतारमेकर गल्लीतले कारागीर. त्यांना काय हवं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या त्या भजनी मंडळातल्या एक काकू. माइकपासून हातभर लांब उभ्या राहून म्हणाल्या, “अंक छान आहे. पण बंदिश पेटीवर ठेवली की पान मिटतं. मी कपड्याचा चिमटा लावते. आणि ट्यूबलाइटखाली कागद इतका चमकतो की कोमल रिषभाखालची रेघच दिसत नाही.” एवढंच बोलून खाली बसल्या. सभागृह हसलं, सर हसले नाहीत. पुढच्या वर्षीपासून कागद न चमकणारा, मॅपलिथो झाला. अंकाला पिना मधोमध मारलेल्या असतात, म्हणजे आपोआप उघडं राहतं ते फक्त मधलं जोडपान. म्हणून बंदिश तिथंच टाकायची, असं ठरलं. आकार लहान, डेमी ठेवला, म्हणजे भात्यावरून हात फिरताना कागद आडवा येत नाही.

मग सुरू झालं भांडण. बंदिश कुठल्या स्वरलिपीत, म्हणजे स्वर-ताल लिहायच्या कुठल्या पद्धतीत छापायची? शाळेतली मुलं भातखंडे पद्धतीनं शिकलेली. पण पलुस्करांची स्वतःची लिपी असताना, त्यांच्याच पुण्यतिथीला, मिरजेत, भातखंडे लिपी! आमच्या एका ज्येष्ठ बुवांनी दोन बैठकांवर बहिष्कार घातला. शेवटी जोडपानाच्या डावीकडे पलुस्कर आणि उजवीकडे भातखंडे, बंदिश एकच, अशी तडजोड झाली. परीक्षेला दोन्ही लिपींची माहिती विचारतात, त्यामुळे विद्यार्थ्यांना ती फारच आवडली. हाल झाले ते अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंचे. स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं तर भातखंडेंकडे तो तारसप्तकातला, म्हणजे वरचा, पलुस्करांकडे मंद्रातला, म्हणजे खालचा. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, भातखंडेंकडे फुली, पलुस्करांकडे एकचा आकडा, आणि त्यांच्याकडे अधिकचं चिन्ह दिसलं की ती ‘खाली’, म्हणजे टाळी नसलेली जागा. पहिल्या वर्षी संगणकावर ही चिन्हं बसेनात, तेव्हा ताईंनी ती ट्रेसिंगवर काळ्या शाईच्या पेनानं एकेक करून काढली होती.

पण मला हलवून गेलेलं भाषण सतारमेकर चाचांचं. ते आले तेव्हा पाऊस कोसळत होता आणि सभागृह निम्मं रिकामं होतं. (मुलाचं गाणं झालं की त्याला घेऊन उठणाऱ्या पालकांबद्दल मी दरवर्षी लिहितो, याही वर्षी लिहितो. चहाला मात्र सगळे असतात.) चाचांनी अंक उघडून एकेक पान दाखवलं. “हे गाणारे. हे वाजवणारे. हे टाळ्या वाजवणारे. भोपळा कुठं आहे?” मग ते सांगत गेले. सतारीच्या तुंब्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे कसे येतात, वाळवताना किती तडकतात, जवारी काढताना, म्हणजे तारांचा नाद खुलवताना, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस किती हलक्या हातानं फिरवायची. वेळ संपल्याची घंटा वाजवायचं काम माझं होतं. मी वाजवली नाही.

पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर रंग न चढवलेला एक वाळका भोपळा होता. अध्यक्ष नाराज झाले, पण तो अंक गल्लीत घरोघरी गेला. त्या घरांतून आधी कुणी विकत घेत नसे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दोन दुकानांच्या काउंटरवर मी तो जुना अंक ठेवलेला पाहिला.

अक्षर चौदा पॉइंटाचं झालं ते एका निवृत्त पोस्टमास्तरांमुळे. बंदिश ऐकता यावी म्हणून क्यूआर कोड आला तो विशारदच्या एका मुलीच्या हट्टामुळे. आजोबा मंडळी आधी कुरकुरली, आता नातवाच्या फोनवर सगळ्यात जास्त तेच ऐकतात.

आता आभार. दरवर्षी कुणीतरी राहतं आणि मला वर्षभर ऐकावं लागतं. मुद्रितं तपासणाऱ्या दोन्ही बाई, चिन्हं काढणाऱ्या ताई, छापखान्यातले मामा आणि रात्री घडी घालायला थांबणारा त्यांचा पोरगा. टेम्पो फुकट देणारे भाजीवाले दादा. सतरंज्या देणारं शेजारचं गणेश मंडळ. तंबोरे जुळवून देणारे चाचांचे धाकटे भाऊ. जाहिराती गोळा करणारे खजिनदार, ज्यांनी जोडपानावर जाहिरात कधी येऊ दिली नाही. चहावाल्या मावशी. आणि चिमट्याच्या काकू, ज्या आता बोलायला नाही पण ऐकायला दरवर्षी पहिल्या रांगेत असतात. माइकवाल्याचं नाव मागच्या वर्षी छापायचं राहिलं, अशी त्याची तक्रार आहे. ते अहवालात होतं, पान तीन.