एका शब्दापायी थांबलेला फर्मा

अनुवादाच्या व्यवसायात संपादकाशी वाद नित्याचेच असतात. छपाईयंत्र थांबवण्याची वेळ मात्र माझ्यावर एकदाच आली.

विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कायद्यावरील एक पाठ्यपुस्तक मी मराठीत आणले होते. त्यातील एक प्रकरण समुद्रकायद्याच्या संस्थांना राष्ट्रे जी सक्तीची रक्कम भरतात तिच्याविषयी होते. १९८२ च्या समुद्रकायदा करारातून जन्मलेले जमैकातील किंग्स्टनचे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण डॉलरमध्ये आणि हॅम्बुर्गचे समुद्रकायदा न्यायाधिकरण यूरोमध्ये अंदाजपत्रक मांडते, आणि तो खर्च संयुक्त राष्ट्रांचा खर्च ज्या प्रमाणात वाटला जातो त्याच्या आधारे सदस्य राष्ट्रांवर वाटला जातो. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा हिशेब निराळा आहे. तिथे मुख्य भार नोंदणीकृत जहाजांच्या टनभारावर असतो, म्हणून पनामा आणि लायबेरिया बड्या अर्थव्यवस्थांहून अधिक भरतात. या सक्तीच्या हिश्श्यासाठी मी ‘अंशदान’ हा शब्द योजला होता.

अंतिम मुद्रिते मला दाखवलीच गेली नाहीत. छापखान्यातील ओळखीच्या कामगाराचा सकाळी फोन आला, की दहाव्या फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या संचाच्या, प्लेटा तयार आहेत आणि दुपारी तो यंत्रावर चढेल. सदाशिव पेठेतून शुक्रवार पेठेपर्यंत मी पायीच गेलो आणि तिथल्या टेबलावरचे पान उचलले, तर पहिल्याच परिच्छेदात ‘ठरवून दिलेले देणगी’ असे शब्द होते. लिंग चुकले म्हणून डोळा अडकला, नाहीतर मीही पुढे वाचत गेलो असतो.

‘अंशदान विद्यार्थ्यांना कळत नाही, देणगी कळते,’ असे म्हणून संपादकांनी संगणकावर एका झटक्यात सगळीकडे शब्द बदलून घेतला होता. ‘अंशदानाचा’ या रूपात केवळ मूळ शब्द बदलल्यामुळे ‘गी’पुढे सुटा काना उरून ठिपक्यांची वर्तुळे उमटली होती, ती ऑपरेटरने इमानाने पुसली, पण विशेषणांकडे लक्ष देणे त्याचे काम नव्हते. ज्यांचे होते, त्यांना तेवढी सवड नसावी.

अर्थाची हानी त्याहून मोठी होती. करारातील १८४ व्या कलमानुसार, एखाद्या राष्ट्राची प्राधिकरणाकडील थकबाकी मागील पूर्ण दोन वर्षांच्या देय रकमेइतकी किंवा अधिक झाली, की त्या राष्ट्राचा मताधिकार जातो; थकण्याचे कारण त्याच्या आवाक्याबाहेरचे होते असे पटल्यास प्राधिकरणाची सभा सूट देऊ शकते. आता देणगी कधी थकते का, आणि ती न दिल्याबद्दल मत हिरावले जाते का? शब्द सरसकट उलटा बदलणेही शक्य नव्हते, कारण विकसनशील देशांच्या प्रतिनिधींच्या प्रवासासाठी प्राधिकरणाचा निधी खरोखरच ऐच्छिक देणग्यांवर चालतो. तिथले मूळ वाक्य ‘अंशदानाव्यतिरिक्त ऐच्छिक देणग्या’ असे होते. पानावर ‘देणगीव्यतिरिक्त ऐच्छिक देणग्या’ छापण्याची तयारी झाली होती. त्यामुळे तिथेच स्टुलावर बसून, लाल पेनाने, सोळा पाने ओळीओळीने तपासावी लागली.

संपादक फोनवर म्हणाले, ‘एवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे?’ प्लेटा पुन्हा करायचा खर्च मात्र त्यांनी मुकाट्याने मान्य केला, हेही नोंदवले पाहिजे. नववा फर्मा आदल्या दिवशीच छापून घडीला गेला होता. त्याच्या १४१ व्या पृष्ठावर, १९९५ मध्ये कराराला अनुसमर्थन, म्हणजे औपचारिक मान्यता, दिलेला भारत प्राधिकरणाला आणि न्यायाधिकरणाला ‘देणगी’ देतो, असे वाक्य आहे. शुद्धिपत्र जोडले आहे, पण परीक्षेच्या आदल्या रात्री शुद्धिपत्र कोण वाचतो?

माझ्या मनातून एक गोष्ट मात्र अजून जात नाही. गणपतीची वर्गणी आणि देवळातली देणगी यांतला फरक पेठेतल्या पोरालाही ठाऊक असतो. कार्यालयीन मराठीच्या सवयीने मी ‘अंशदान’ लिहिले. सरळ ‘सक्तीची वर्गणी’ लिहिले असते, तर संपादकांना हात घालायला जागाच उरली नसती.