कळ, ठणका आणि मराठीचा तास

आमच्या शाळेच्या वाचनालयात दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड होते. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले ते सात जाडजूड खंड मराठीच्या बाई एकेक करून वर्गात मागवून घ्यायच्या आणि एकच शब्द उघडायच्या. आठवीत एकदा ‘कळ’ निघाला आणि एका तासात संपला नाही. आज मी डॉक्टर आहे. स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा हाच शब्द पुढे आला, कारण तो मला रोज भेटतो.

बाईंनी आधी आम्हालाच बोलू दिलं. पोटात कळ येते, दिव्याची कळ दाबतात, ‘यानंच आधी माझी कळ काढली’ ही तक्रारसुद्धा आली. मग त्यांनी विचारलं, ‘थोडी कळ काढ, एसटी येईलच’ असं आई म्हणते तेव्हा काय काढायचं? एकीकडे कळ काढणं म्हणजे कुरापत, दुसरीकडे सोसणं. बाळंतपणात मात्र बायका एकवचनात बोलतच नाहीत, ‘कळा सुरू झाल्या’ असंच म्हणतात. स्वतःच्या दुखण्यानं माणूस कळवळतो, पण कळवळा येतो तो दुसऱ्याचा. हे बाईंनी सांगितलं आणि क्षणभर थांबल्या.

श्रावणात शाळेमागच्या कुंपणावर लाल-पिवळी कळलावी फुलायची. घरात आणली तर भांडणं लागतात असं लोक म्हणत, आणि जुन्या सुइणी तिचा कंद कळा आणायला वापरत असंही ऐकलं. हा कंद अतिशय विषारी, कुणीही असला प्रयोग करू नये. त्यातलं कोल्चिसिन हे द्रव्य योग्य मात्रेत गाउट या सांध्यांच्या आजारातल्या ठणक्यावर औषध म्हणून देतात, हे मला वैद्यकीय महाविद्यालयात कळलं आणि ते कुंपण आठवलं.

ठणका आणि कळ यांत फरक आहे, आणि तो रुग्ण चुकवत नाहीत. मूतखड्याचा माणूस म्हणतो, ‘कमरेतून कळ निघते अन् जांघेत उतरते’; त्याला बसवत नाही की निजवत नाही. नखुरड्यात पू झालेला म्हणतो, ‘ठणकतंय’, कारण ते नाडीच्या ठोक्याबरोबर दुखत असतं. दाढेतून तिडीक जाते, आव पडताना पोटात मुरडा येतो, वाकताना कमरेत उसण भरते, एकाच जागी बसून पायाला रग लागते. निम्मं निदान तिथंच झालेलं असतं.

छातीचं मात्र वेगळं. हृदयविकाराच्या झटक्यातल्या माणसाला ‘छातीत दुखतंय का?’ विचारलं तर कितीदा ‘नाही’ असंच उत्तर येतं. ‘दुखत नाही हो, दडपल्यासारखं होतंय,’ किंवा ‘छाती भरून आलीय.’ त्या ‘नाही’वर विश्वास ठेवून त्याला घरी पाठवणं किती महागात पडेल! म्हणून मी ‘दुखतंय का’ न विचारता ‘काय होतंय, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारते. १९७५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावून प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बाईंचा फळा दिसला. आपल्याकडे केसपेपरवर बहुधा वेदना किती ते सांगणारा शून्य ते दहा यांतला एक आकडाच उरतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्याकडचे शिकाऊ डॉक्टर रुग्णाचा शब्द जसाच्या तसा, देवनागरीत लिहितात. परराज्यांतून आलेल्यांसाठी मी अशा शब्दांची वही केली आहे. तिच्यात माझ्या भागातलेच शब्द जास्त आहेत. आपल्या शाळेची मुलं आता कोकणात, वऱ्हाडात, मराठवाड्यात, सगळीकडे आहेत. तुमच्या घरी आजी दुखण्याला जे शब्द वापरते ते, कुठल्या दुखण्याला वापरते त्यासह, शाळेच्या पत्त्यावर माझ्यासाठी जरूर पाठवा.