कातिणीच्या माथी मारलेले फोड

वडगाव, बेळगाव
२६ सप्टेंबर

घटस्थापना तोंडावर आल्यामुळे आमच्या गल्लीत घरोघर झाडलोट चालू आहे. बांबूच्या टोकाला केरसुणी बांधायची, डोक्याला फडके गुंडाळायचे आणि आढ्यापासून जळमटे काढत खाली यायचे, हा इथला नवरात्राआधीचा ठरलेला क्रम आहे. एरवी वर्षभर नजरेआड राहणारे कोळी या आठवड्यात सगळ्यांच्या नजरेला पडतात आणि ते दिसल्यावर प्रत्येक घरात जे काही होते, ते मी गेली अनेक वर्षे लक्षपूर्वक पाहत आले आहे.

आज सकाळी शेजारच्या अक्कांच्या घरातून ‘जेडरहुळा, जेडरहुळा’ (कन्नडमध्ये कोळी) अशी हाक आली आणि त्या घरातली लहानथोर सगळी माणसे अंगणात येऊन उभी राहिली. अक्का धीराच्या बाई आहेत, पावसाळ्यात परसात निघालेला साप त्यांनी स्वतः काठीने बाजूला केलेला मी पाहिला आहे, पण कोळी दिसला की त्यांचे हातपाय गळतात. आमच्या माडीवर भाड्याने राहणारी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी कोळी दिसल्यावर खोलीचे दार बाहेरून ओढून घेते आणि कोणीतरी येईपर्यंत पायरीवर बसून राहते. आमचे हे मात्र काही न बोलता चप्पल उचलतात. सासूबाईंचे मत वेगळे आहे. घरात जळमटे असली की लक्ष्मी टिकत नाही, म्हणून जाळे राहता कामा नये, पण संध्याकाळी दिवे लागल्यावर घरातला जीव मारायचा नाही, असे त्या सांगतात आणि दिवसा मारायला त्यांची हरकत नसते.

या सगळ्यांत मला मनापासून आवडते ती कोपऱ्यावरच्या तात्यांची रीत. त्यांनी सारा जन्म मागावर काढला. पूर्वी हातमाग होता, नंतर यंत्रमाग आला, आणि आता डोळे साथ देत नाहीत म्हणून तेही थांबले आहे. परसातल्या पेरूच्या झाडावर कोळ्याने चक्राकार जाळे विणले की तात्या तिथे उभे राहतात. मध्यातून बाहेर गेलेले धागे म्हणजे ताणा आणि त्यांवर गोल फिरवत नेलेला धागा म्हणजे बाणा, असे त्यांनी माझ्या मुलीला समजावून सांगितले होते. ते अगदी बरोबर आहे, कारण ताण्याचे धागे कोरडे असतात, त्यांवरून कोळी बिनधास्त चालतो, आणि भक्ष्य चिकटते ते फक्त त्या गोल फिरलेल्या धाग्याला. यातल्या कित्येक जाती जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्यातूनच नव्या धाग्याची सामग्री मिळवतात. हे मी तात्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “बघा की बाई, सूत वाया जाऊ देत न्हाई त्यो.”

माझे माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आहे. तिकडच्या जंगलात पावसाळा सरता सरता पायवाटांवर मोठमोठी जाळी दिसू लागतात. त्यांचा धागा उन्हात सोन्यासारखा पिवळा चमकतो आणि मध्यभागी लांब काळ्या-पिवळ्या पायांची मादी बसलेली असते. तिच्याजवळच जाळ्याच्या कडेला असलेला नर इतका लहान असतो की दाखवून दिल्याशिवाय तो लक्षात येत नाही. लाकडे आणायला किंवा गुरांमागे जाणारी माझ्या माहेरची माणसे या जाळ्याखालून वाकून जातात, आणि ते कोणी मुद्दाम तोडलेले मला आठवत नाही. तीच माणसे घरात आल्यावर भिंतीवरच्या तळहाताएवढ्या कोळ्याला, म्हणजे कातिणीला, मात्र केरसुणीने झोडपतात. रान हे कोळ्याचे घर असते आणि आपण वाटसरू असतो, तर चार भिंतींच्या आत ती आगंतुक ठरते. भीतीपेक्षा हा हक्काचा विचारच अधिक प्रबळ असावा, असे मला वाटू लागले आहे.

कातीण म्हणजे आमच्याकडे घराच्या भिंतीवर, कपाटामागे, न्हाणीघरात बंबाच्या वरच्या कोनाड्यात दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी. भक्ष्य पकडायला तो जाळे विणत नाही, रात्री बाहेर पडून शिकार करतो, आणि झुरळ हे त्याचे आवडते खाद्य आहे. काल रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावला तेव्हा फडताळाच्या कडेला एक मादी होती. पोटाखाली तिने साधारण नाण्याएवढी गोल, चपटी, पांढरट पिशवी धरलेली होती. मी बराच वेळ तिथे उभी राहून पाहिले. तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांनी तिने ती पिशवी सावरली होती आणि त्यामुळे तिचे शरीर भिंतीपासून थोडे उचललेले दिसत होते. मी डबा हलवला तेव्हा ती पळाली, पण नेहमीच्या वेगाने नव्हे, आणि अरुंद फटीत शिरताना पिशवी अडली तेव्हा ती सोडून न देता तिने अंग तिरके करून ती आत ओढून घेतली. त्या पिशवीत शेकडो अंडी असू शकतात. हे ऐकल्यावर बहुतेकांच्या अंगावर काटा येतो, कारण तेवढ्या कातिणी उद्या आपल्या घरात फिरतील असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात पिल्ले बाहेर पडताच पांगतात आणि त्यांतली फारच थोडी मोठी होतात. पाली, पक्षी आणि दुसरे कोळी त्यांना खातात. शिवाय आमच्या खिडकीच्या चौकटीत मातीची घरटी लिंपणारी कुंभारीण माशी आहेच. तिचे वाळलेले घरटे आज झाडताना फुटले, तेव्हा आत लहान लहान कोळी खच्चून भरलेले होते. डंखाने ते लुळे पडलेले असतात, मेलेले नसतात, आणि कुंभारणीची अळी त्यांच्यावरच वाढते.

मला आज मुख्यतः लिहायचे आहे ते फोडांविषयी. आपल्याकडे कोळ्याविषयी जो राग आहे, त्यातला फार मोठा भाग ‘अंगावर कातीण मुतली’ या एका समजुतीतून आलेला आहे. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा दंडावर चटका बसल्यासारखा लाल पट्टा दिसतो, त्याची आग होते, मग त्यावर पाण्याचे बारीक फोड येतात आणि घरातली मोठी माणसे लगेच कातिणीचे नाव घेतात. जुलैमध्ये यांच्या मानेवर असाच पट्टा उठला होता. कोणी लेप सुचवला, कोणी उतरवून घ्यायला सांगितले, आणि त्याच संध्याकाळी यांनी खोलीतल्या सगळ्या कातिणी शोधून मारल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी पट्टा पाहताक्षणी विचारले की झोपण्याच्या खोलीत रात्री ट्यूब चालू असते का आणि घराजवळ भातशेती आहे का. दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी होते.

हे फोड पिडेरस नावाच्या चिमुकल्या भुंगेऱ्यामुळे येतात. त्याची लांबी एक सेंटिमीटरपेक्षा कमी असते, अंग नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचे असते, आणि चालताना तो मुंगीसारखा दिसत असल्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात पावसाळाभर भात उभे असते आणि अशी ओलसर शेते त्याला मानवतात. तिथे तो पिकावरची कीड खातो, म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचाच आहे. रात्री मात्र तो दिव्याकडे ओढला जातो, घरात येतो आणि अंगावर बसतो. तो चावत नाही की डंख मारत नाही. आपण झोपेत त्याला चिरडतो, तेव्हा त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा दाहक रस कातडीवर पसरतो, आणि हात जसा ओढला गेला असेल तशी रेघ उमटते. त्रास लगेच जाणवत नाही, साधारण एक दिवसाने जाणवतो, आणि तोवर भुंगेरा कुठे दिसत नाही. भिंतीवर दिसते ती कातीण. अशा रीतीने दुसऱ्याचा अपराध तिच्या नावावर जातो. कोळ्याच्या मूत्राने किंवा विष्ठेने माणसाच्या कातडीवर असे फोड येत नाहीत.

या गैरसमजाचे नुकसान केवळ कोळ्याला होते असे नाही. कमरेच्या किंवा छातीच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठणारी नागीण हा विषाणूमुळे होणारा अगदी वेगळा आजार आहे, त्यावर औषध शक्यतो पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावे लागते, आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत उशीर झाला तर वेदना महिनोन्महिने टिकू शकतात. तिलाही ‘कातीण मुतली असेल’ म्हणून घरी लेप लावत बसलेली माणसे मी आमच्याच नात्यात पाहिली आहेत, आणि हे आठवले की मला आजही वाईट वाटते. भुंगेरा अंगावर बसलेला दिसला तर त्याला न चिरडता फुंकर मारून उडवावे, चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने आणि पाण्याने धुवावी, असे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

भीतीला मात्र मी समजुतीइतके सहज दूर सारू शकत नाही. सहा महिन्यांच्या बाळांना कोळ्यांची आणि फुलांची चित्रे दाखवून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. लायप्झिग आणि उप्साला येथील संशोधकांना त्यात असे आढळले, की कोळी पाहताना बाळांच्या डोळ्यांच्या बाहुल्या अधिक मोठ्या होतात, म्हणजे त्यांच्या शरीरावर ताण येतो. कोणी काही शिकवण्याआधीच आत काहीतरी सावध होते, असा त्याचा अर्थ लावता येतो. म्हणून माडीवरच्या मुलीला कोणी हसले की मला राग येतो. ती नाटक करत नाही. तिची खोली बघून देणे, पलंगाखाली नीट झाडून देणे हे आमचे काम आहे आणि आम्ही ते करतो. लहान मुलांच्या बाबतीत मात्र मोठ्यांच्या किंचाळण्याचा परिणाम मी रोज शाळेत पाहते. वर्गाच्या खिडकीत एक छोटा उड्या मारणारा कोळी असतो. बोट जवळ नेले की तो अंग वळवून समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतो आणि काचेवरच्या माशीवर झेप घेण्याआधी मागे एक धागा टेकवून ठेवतो. घरी कोळी मारला जातो अशी मुले त्याला पाहून बाक सोडतात, तर त्यांच्याच शेजारची मुले नाक काचेला लावून पाहत राहतात.

आपल्या परंपरेने कोळ्याला कमी लेखलेले नाही. आमच्या घरी दत्ताची उपासना आहे. अवधूताने जे चोवीस गुरू केले त्यांत कोळी आहे, कारण तो स्वतःतून धागा काढतो आणि पुन्हा स्वतःतच सामावून घेतो. आमच्याकडची कितीतरी माणसे तिरुपतीला जातात आणि तिथून श्रीकालहस्तीला जाऊन येतात. त्या क्षेत्राच्या नावातला श्री म्हणजे शिवाची भक्ती करणारा कोळीच, अशी तिथली कथा आहे. दर्शन घेऊन आल्यावर घरातल्या कोळ्याकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावे, एवढी अपेक्षा करणे मला गैर वाटत नाही.

जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, असा एक अंदाज २०१७ मध्येच मांडला गेला आहे. एवढा मोठा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, पण स्वयंपाकघरातली झुरळे येतात. झुरळांसाठी मारलेला फवारा कातिणीलाही मारतो. झुरळे पुन्हा मोरीतून येतात आणि त्यांना खाणारे तोवर कोणी उरलेले नसते.

आज दुपारी घरात सगळ्यांशी बोलणे झाले. धुळीने भरलेली, रिकामी जळमटे सगळी काढायची, हे मलाही मान्य आहे. न्हाणीघराच्या कोपऱ्यातले लांब काटकुळ्या पायांचे कोळी, जे धक्का लागताच जाळ्यात गरगर हलू लागतात, ते तसेच राहू द्यायचे. माडीवरच्या खोलीत कोळी सापडला तर त्यावर वाटी पालथी घालायची, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवायची आणि त्याला परसात नेऊन सोडायचे. पिशवीवाली कातीण तिची पिल्ले बाहेर पडेपर्यंत फडताळामागेच राहील. सासूबाईंनी याला होकार दिला, पण देवघरात ती आली तर लगेच बाहेर काढायची, ही अट घातली. यांनी अजून काही कबूल केलेले नाही. मात्र भात कापून होईपर्यंत झोपायच्या खोल्यांतल्या ट्यूब लवकर बंद करायच्या आणि खिडक्यांना बारीक जाळी बसवून घ्यायची, हे त्यांनी स्वतःहून सुचवले, आणि जाळीचे माप घ्यायला सुतार सोमवारी येणार आहे.