एक लॅपटॉप, दोन आउटपुट: आवाज दोन्हीकडे न्यायचा आणि जुळवायचा कसा

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की विंडोज सगळा आवाज टीव्हीकडे पाठवतं आणि हेडफोन गप्प होतो. हेडफोन निवडावा तर टीव्ही गप्प. घरात आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांना हेडफोन हवा आणि बाकीच्यांना टीव्हीचा आवाज हवा, इतकीच साधी गरज असते. पण विंडोजमध्ये त्यासाठी सरळ बटण नाही.

उपाय शोधण्याआधी एक गोष्ट ठरवा: दोन्ही आवाज एकाच माणसाच्या कानात पडणार आहेत का? आजोबांनी कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावला असेल, तर दोन आवाजांत थोडं मागेपुढे झालं तरी कुणाला कळत नाही. एकाच खोलीत दोन स्पीकर असतील तर मात्र तोच फरक प्रतिध्वनी होऊन त्रास देतो. माझ्या मते निम्मे लोक नको तितका अवघड मार्ग धरतात, कारण हा प्रश्न आधी विचारलेला नसतो.

दोन वायरवाले हेडफोन एवढीच गरज असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर नको. साडेतीन मिलिमीटरचा वाय स्प्लिटर घ्या. दोन्हींत आवाज एकाच क्षणी पोचतो. दुकानात हुबेहूब तसाच दिसणारा माइक-हेडफोन स्प्लिटरही मिळतो. त्याची एक बाजू फक्त माइकची असते, तिथे लावलेला हेडफोन वाजत नाही. पिनवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर तो बहुधा माइकवाला. आपल्याला दोन पट्ट्यांचा हवा.

टीव्ही आणि हेडफोन या जोडीसाठी आधी स्टिरिओ मिक्स (लॅपटॉपमध्ये वाजणारा आवाज रेकॉर्डिंगसाठी परत देणारी सोय) आहे का ते पाहा. विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत रेकॉर्डिंग टॅबवर जा, रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’वर टिक करा. स्टिरिओ मिक्स दिसलं तर ते एनेबल करा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन’ टॅब उघडा, ‘लिसन टू धिस डिव्हाइस’वर टिक करा आणि खालच्या यादीतून टीव्ही निवडा. डिफॉल्ट आउटपुट मात्र रिअलटेकच (लॅपटॉपची स्वतःची साउंड चिप, जिला हेडफोन लावलेला असतो) ठेवायचं, कारण स्टिरिओ मिक्स त्याच चिपमधून जाणारा आवाज उचलतं. टीव्ही डिफॉल्ट केला तर उचलायला काही उरतच नाही. खालच्या यादीत चुकून रिअलटेकच निवडलं, तर आवाज स्वतःभोवती फिरून घुमायला लागतो. आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये स्टिरिओ मिक्स दिलेलंच नसतं.

तिथे व्हॉइसमीटर बनाना लागतं. हे सॉफ्टवेअर आभासी साउंड कार्ड तयार करतं आणि त्यात आलेला आवाज तीन खऱ्या उपकरणांपर्यंत वाटतं. इन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा, डिफॉल्ट आउटपुट म्हणून व्हॉइसमीटर इनपुट निवडा. उजवीकडे वर ए१ला वायरवालं उपकरण आणि ए२ला दुसरं द्या, दोन्ही डब्ल्यूडीएम प्रकारातलीच (यादीत नावाआधी WDM लिहिलेली). मग आभासी इनपुटच्या पट्टीवर ए१ आणि ए२ ही दोन्ही बटणं दाबा. मेन्यूमधून ते विंडोजसोबत सुरू होईल असं करून ठेवा, कारण ते बंद असेल तर आवाज कुठेच येत नाही.

ए१ला वायरवालंच का? प्रत्येक उपकरणात स्वतःचं स्फटिक-घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० एवढाच फरक धरला, तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद आणि तासाला १८० मिलिसेकंद होतात. हा फरक सतत भरून काढला नाही, तर एका उपकरणाचा बफर (वाजवण्याआधी आवाज क्षणभर साठवायची जागा) रिकामा पडतो किंवा ओसंडतो आणि टक् असा आवाज येतो. व्हॉइसमीटर ए१चं घड्याळ प्रमाण मानतं, म्हणून तिथे स्थिर उपकरण हवं. सगळ्या उपकरणांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल) ४८००० हर्ट्झवर ठेवा. तरीही टकटक राहिली तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये बफर १०२४ सॅम्पल करा. त्याने साधारण २१ मिलिसेकंद उशीर वाढतो, एवढंच.

घड्याळाचा फरक सॉफ्टवेअर सांभाळतं, मुळातला उशीर आपल्याला मोजावा लागतो. ब्लूटूथवर तो दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज असतो, टीव्हीही चित्रावर प्रक्रिया करताना आवाज रोखून धरतो. (टीव्हीचा गेम मोड चालू केला तर हा उशीर बराच घटतो.) उशिरा येणाऱ्याला लवकर आणता येत नाही, लवकर येणाऱ्यालाच थांबवावं लागतं. मेट्रोनोमची (ठरावीक तालात वाजणाऱ्या यंत्राची) टिकटिक लावा, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा आणि ती फाइल ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडा. प्रत्येक ‘टिक्’चे दोन सुळके दिसतील. त्यांच्यातलं अंतर हाच उशीर. तेवढे मिलिसेकंद व्हॉइसमीटरच्या ‘मॉनिटरिंग सिंक्रो डिले’मध्ये लवकर वाजणाऱ्या आउटपुटला द्या. शून्यावर आणण्याचा हट्ट नको. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबच्या स्पीकरचा आवाज तसाही २९ मिलिसेकंद मागे असतो, आणि बोलण्याच्या आवाजात एवढा फरक कान सहसा एकत्रच ऐकतो.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं J हे बटण आवाज दर वेळी ५० मिलिसेकंद लवकर आणतं आणि K तेवढाच उशिरा. ब्लूटूथ हेडसेटचा आवाज अचानक टेलिफोनसारखा झाला, तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने त्याचा माइक उघडलेला असतो; त्या प्रोग्रॅममध्ये लॅपटॉपचा माइक निवडा.

मॅकवर हे सगळं आयतं आहे. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये अधिकच्या चिन्हातून मल्टी-आउटपुट डिव्हाइस बनवा, वायरवालं उपकरण प्रायमरी ठेवा आणि बाकीच्यांसमोर ‘ड्रिफ्ट करेक्शन’वर (घड्याळांचा फरक भरून काढणारी सोय) टिक करा. अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस घेऊ नका. त्यात चॅनेल एकापुढे एक जोडले जातात आणि स्टिरिओ आवाज पहिल्याच उपकरणात जातो. मल्टी-आउटपुटवर कीबोर्डची आवाजाची बटणं चालत नाहीत, म्हणून प्रत्येक उपकरणाचा आवाज आधीच बेताचा करून ठेवा. लिनक्सवर हेच काम कम्बाइन सिंक मॉड्यूल करतं.