ब्रेक दाबला की इंडिकेटर लागतो

माझी गाडी नापास झाली, आणि ही बातमी आता अख्ख्या ब्रिटनला बघता येते.

खरंच सांगतोय. इथे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी करावी लागते आणि तिचा निकाल थेट सरकारी साइटवर चढतो. नंबर प्लेटवरचा नंबर टाका, गाडीची कुंडली समोर. कुठल्या साली कुठला टायर झिजला होता, तेव्हा किती मैल पळाली होती, सगळं. ओटीपी नाही, पासवर्ड नाही. माझी गाडी 2008 ची. तिच्या आधीच्या मालकाचं नाव मला माहीत नाही, पण तो फाटलेले वायपर घेऊन तपासणीला गेला होता हे माहीत आहे. आमच्या लहानपणी दहावीचा निकाल घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांना कळायचा, त्यातलाच प्रकार. ऑफिसातल्या एकाने जेवताना सहज माझा नंबर टाकला आणि माझ्या गाडीचा ‘मेजर’ दोष मोठ्याने वाचून दाखवला. वर म्हणाला, ‘अरे, मागच्या वर्षी तर फक्त ॲडव्हायजरी होती!’ म्हणजे मागच्या वर्षी ताकीद मिळाली होती आणि मी दुर्लक्ष केलं, हेही जाहीर. त्याची गाडी अडीच वर्षांची आहे, तिला अजून परीक्षाच नाही. (हे मी तिथे बोललो नाही. इथे बोलतोय.)

कागदावर लिहिलं होतं: मागच्या नियरसाइडच्या ब्रेक लाईटवर दुसऱ्या दिव्याच्या चालण्याचा विपरीत परिणाम. नियरसाइड म्हणजे फुटपाथकडची, आपली डावी. वाक्य असं की दिव्याला शेजाऱ्याचा त्रास होतोय. प्रत्यक्षात होत असं होतं: हेडलाईट लावून ब्रेक दाबला की डावा ब्रेक लाईट जेमतेम मिणमिणायचा, मागचा लाल दिवा जवळजवळ विझायचा आणि इंडिकेटर न लावताच अंधूक पिवळा उजळायचा.

गॅरेजवाल्याने दोष शोधून दिला, तपासणीचे 54.85 पौंड घेतले (कायद्याने यापेक्षा जास्त घेता येत नाहीत) आणि सांगितलं की वायरिंगचं काम आम्ही करत नाही. ऑटो इलेक्ट्रिशियन तासाला 85 पौंड. डिकीत पाणी दिसतंय, तेव्हा किती तास लागतील ते सांगता येणार नाही. मी डिकीतला गालिचा उचलला. स्टेपनीच्या खड्ड्यात दोन तांबे तरी पाणी होतं. मँचेस्टरजवळच्या आमच्या स्टॉकपोर्टमध्ये पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. तो ऑक्टोबरात येतो आणि उधारी मागायला आलेल्या माणसासारखा दारात बसून राहतो.

मला रागच आला. सांगलीत हे काम दहा मिनिटांचं. रात्री दादाला फोन केला, तर तो म्हणाला, ‘थांब, उद्या वायरमनच्याच हातात फोन देतो.’ दुसऱ्या दिवशी आमचा वायरमन व्हिडिओ कॉलवर, मागे कुणाच्या तरी टेम्पोचं बॉनेट उघडं.

‘बल्ब बदलू नका साहेब. आधी अर्थिंग बघा की ओ.’

‘बल्ब बदलला मी.’

‘बघा! गेलं पैसं. दिव्यामागच्या त्या कपलरात अर्थची वायर असंल, तपकिरी न्हाईतर काळी. ती बॉडीला कुठं बोल्ट केलीय ते हुडका. आणि पाणी कुठनं येतंय ते आधी बघा, न्हाईतर पुढच्या महिन्यात परत फोन कराल.’

त्याने जे दोन वाक्यांत सांगितलं ते मला नंतर वाचून कळलं. मागच्या एका बाजूच्या सगळ्या बल्बांची परतीची वाट एकच असते, ती म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थ. मोरी तुंबली की पाणी बाथरूमच्या जाळीतून वर येतं ना, तसंच हे. ब्रेकच्या 21 वॉटच्या तारेतून आलेल्या करंटला खाली जायला जागा मिळाली नाही की तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बातून उलटा शिरतो आणि तिकडून वाट काढतो. म्हणून इंडिकेटर अंधूक लागतो. बिचाऱ्या दिव्यांत बिघाड काहीच नसतो.

व्होल्ट मोजायचा मीटर शेजारच्या आजोबांनी दिला. वय पंचाहत्तरच्या पुढे, निवृत्त, दोन वर्षांत आमचं बोलणं हवेच्या पलीकडे गेलं नव्हतं. मीटर मागायला गेलो तर ते मीटर, पाण्याची नळी आणि एक मोजा घेऊन स्वतःच आले. मोज्यात मांजराच्या शीची वाळू भरलेली होती. ती रात्रभर डिकीत ठेवली की ओल शोषून घेते म्हणे. मी वर्तमानपत्रं अंथरली होती, ती त्यांनी शांतपणे काढून टाकली.

मग मी, एक आयटीवाला, बायको खिडकीतून बघत असताना, डिकीत आडवा झालो आणि आजोबांनी झाकण बंद केलं. टॉर्च हातात. बाहेरून नळीचा आवाज. आधी काच, मग झाकणाचं रबर, मग दिवा. दिव्यावर पाणी पडलं आणि दहा-बारा सेकंदांत माझ्या नाकासमोर, दिव्यामागच्या पत्र्यावरून एक थेंब घसरला. मग दुसरा. मग बारीक धार लागली. दिवा आणि बॉडी यांच्यामध्ये स्पंजचं एक पॅकिंग असतं, ते सतरा वर्षांत शिळ्या ब्रेडसारखं कडक झालं होतं. पाणी तिथून आत शिरायचं, आतल्या पत्र्यावरून उतरायचं आणि अर्थच्या बोल्टवर थांबून मग स्टेपनीत. म्हणजे पाण्याने वाटेत नेमकी तीच जागा निवडली होती!

मीटरची एका टोकाची पिन होल्डरच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला, दिवे चालू, आजोबांचा पाय ब्रेकवर. चांगल्या अर्थला इथे फार तर 0.1-0.2 व्होल्ट दिसायला हवेत. मला 3.8 दिसले. बारा व्होल्टांतले जवळजवळ चार व्होल्ट त्या एका गंजक्या बोल्टवरच खर्च होत होते. बोल्ट काढला तर खालचा पत्रा तपकिरी आणि वायरीचं टोक हिरवं. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर कडेला जो रंग चढतो, तोच. आईने बघितलं असतं तर चिंच आणली असती.

पण चिंचेचं काम नव्हतं. वायर सोलली तर आतलं तांबं काळं. पाणी प्लॅस्टिकच्या आतून वातीसारखं वर चढतं, हे मला तेव्हा कळलं. दोन सेंटिमीटर कापलं, काळंच. अजून कापलं, काळंच. जवळपास वीतभर कापल्यावर चकचकीत तांबं लागलं. काळ्या तांब्याला सोल्डर धरतच नाही. तिथे नवीन तुकडा जोडला, वर आतून गोंद असलेली नळी गरम करून बसवली, पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, बोल्ट घट्ट केला, वर व्हॅसलीन. नवं पॅकिंग लावलं. मीटर: 0.04. ब्रेक दाबला, ब्रेक लाईटच लागला.

एकूण खर्च बावीस पौंड आणि माझे दोन शनिवार. हिशेबात शनिवार धरायचे नाहीत असं बायकोला सांगितलं आहे. नवी गाडी घेता येत नाही असं नाही, पण घराचा हप्ता चालू असताना धडधाकट इंजिन भंगारात घालणं मला पटत नाही. दहा कामाच्या दिवसांच्या आत परत नेली, कमी फीत पुन्हा तपासली, पास.

ऑफिसात मी थोडं जास्तच बोललो असेन. तुमच्याकडे माणूस आजार सांगतो, आमच्याकडे माणूस बरा करतो, वगैरे. भाषण रंगात आलं होतं आणि मध्येच मला दादाचा खांदा आठवला.

तीन वर्षांपूर्वी, गाळपाच्या हंगामात, रात्री इस्लामपूरकडून येताना दादाची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे एकही दिवा नव्हता, वाढे लोंबत होते, त्यामुळे अंधारात ऊस आहे की झाड हेही दिसत नव्हतं. खांद्यात प्लेट घातली. आपल्याकडे खाजगी गाडीला पहिली 15 वर्षं पीयूसीपलीकडे कुणी काही विचारत नाही, आणि ट्रॉलीला तर कुणी काहीच विचारत नाही. हे मी ऑफिसात सांगितलं नाही. कॉफी घेतली आणि जागेवर येऊन बसलो.

काल वायरमनला आभाराचा फोन केला. त्याला फार वेळ नव्हता.

‘ट्रॉल्या सुरू झाल्यात साहेब, रांग लागलीय.’

‘मागचे लाईट बसवताय?’

‘लाईट कुठलं. मालक म्हणतोय रेडियम चिकटवा, तेवढं बास. दोन पट्ट्या.’

‘आणि वायरिंग?’

‘हाय की आत, जुनं. उंदरानं खाल्लंय.’ मग पलीकडून कुणीतरी हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.