तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीचं नाव लिहायचं की आद्याक्षरं?

"मायक्रोसॉफ्टला नुसतं एमएस लिहिलं तर बिघडलं काय? सगळे तसंच लिहितात." ऑनलाइन मजकुराचं संपादन करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरसकट 'हो' किंवा 'नाही' देता येत नाही, कारण सगळी आद्याक्षरं एका जातीची नसतात.

काही अक्षरं हेच कंपनीचं नाव असतं. थ्रीएमने 'मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग' हे लांबलचक नाव २००२मध्ये सोडलं. बीपी ही तेलकंपनी २००१पासून कागदोपत्रीही बीपीच आहे. बीएमडब्ल्यू किंवा आयकिया यांची फोड करून दिली तर वाचकाला मदत होत नाही, उलट तो बुचकळ्यात पडतो. ही अक्षरं बिनधास्त लिहावीत.

दुसरी जात म्हणजे धंद्यातल्या लोकांची आपसातली टोपणनावं. एमएस, जीएम, एफबी ही त्यातली. 'जीएम' म्हणजे जनरल मोटर्स, जनरल मॅनेजर की सकाळी सकाळी धाडलेलं गुड मॉर्निंग? लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकच अर्थ असतो, म्हणून त्याला अडचण दिसत नाही. वाचणाऱ्याला मात्र पुढची दोन वाक्यं वाचून मागे यावं लागतं.

तिसरी जात शेअर बाजारातल्या चिन्हांची, म्हणजे बाजारात कंपनी ज्या मोजक्या अक्षरांनी ओळखली जाते त्यांची, आणि घोटाळे होतात ते इथे. न्यूयॉर्कच्या बाजारात 'एमएस' हे चिन्ह मॉर्गन स्टॅनलीचं आहे. मायक्रोसॉफ्टचं चिन्ह एमएसएफटी. ऑक्टोबर २०१३मध्ये ट्विटरने शेअरविक्रीची तयारी जाहीर केली, ती टीडब्ल्यूटीआर हे चिन्ह घेऊन. तेव्हा 'ट्वीटर' नावाच्या, दिवाळं निघालेल्या एका इलेक्ट्रॉनिक्स दुकानसाखळीचं चिन्ह होतं टीडब्ल्यूटीआरक्यू. लोकांनी तिचेच शेअर घ्यायला सुरुवात केली, भाव अनेक पटींनी चढला आणि शेवटी व्यवहार थांबवावे लागले. मार्च २०२०मध्ये पुन्हा तेच. व्हिडिओ कॉलवाल्या झूमचं चिन्ह झेडएम, पण 'झूम' हे चिन्ह झूम टेक्नॉलॉजीज या भलत्याच कंपनीकडे होतं. अमेरिकी नियामकाने तिच्या शेअरचे व्यवहार काही काळ बंद ठेवले. पैशांच्या विषयावर लिहिताना पूर्ण नाव आणि चिन्ह दोन्ही द्या, ही आमची अट त्यामुळेच आहे.

आता 'वेळ वाचतो' या युक्तिवादाकडे. इंग्रजीत तो थोडाफार खरा आहे, देवनागरीत जवळजवळ नाही. इंग्रजीतलं एक अक्षर आपल्याकडे आलं की फुगतं. एकट्या 'डब्ल्यू'ला स्वर, मात्रा, हलन्त सगळं धरून सात कळा दाबाव्या लागतात. तीन अक्षरी बीएमडब्ल्यूला अकरा. 'एफबी' लिहायला चार कळा लागतात आणि त्याच कंपनीचं आजचं नाव 'मेटा' लिहायलाही चारच! संक्षेप करून वाचवलं काय?

शोधाचंही नुकसान होतं. 'मायक्रोसॉफ्ट' असा शब्द टाकून शोधणाऱ्याला तुमचं नुसतं 'एमएस' सापडेलच असं नाही. त्यात एकाच मजकुरात कुठे 'एमएस', कुठे 'एम. एस.', कुठे 'एम.एस.' असं असेल तर तुम्हालाच तुमचं लेखन शोधता येणार नाही. टिंबं द्यायची की नाही हे एकदा ठरवा आणि तेच शेवटपर्यंत ठेवा. टिंबं नसलेलं रूप बरं, कारण पुढे विभक्ती सहज लागते: 'आयबीएमने' हे वाचायला सरळ, 'आय. बी. एम. ने' हे विस्कटलेलं.

संक्षेप वापरायचाच असेल तर पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव लिहा, लगेच कंसात अक्षरं द्या, पुढे फक्त अक्षरं. नाव दोनदाच येणार असेल तर कंसाचा खटाटोप करू नका. एका लेखात असे तीनच संक्षेप ठेवा. चौथा आला की वाचक यादी पाठ करत बसतो. शीर्षकात नवा संक्षेप नको. लेख लांब असेल तर प्रत्येक मोठ्या उपविभागात पूर्ण नाव एकदा परत द्या, कारण दुव्यावरून येणारा माणूस थेट मधल्या परिच्छेदात उतरतो.

तारीखही सांभाळा. एचपीचे २०१५मध्ये दोन तुकडे झाले: प्रिंटर आणि लॅपटॉप एचपीकडे राहिले, सर्व्हर गेले ह्यूलेट पॅकर्ड एंटरप्रायझकडे. आजच्या 'एचपीच्या सर्व्हर'बद्दल लिहिणारा बहुधा चुकीच्या कंपनीबद्दल लिहीत असतो. 'फॅंग' हा पाच कंपन्यांचा (फेसबुक, ॲपल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स, गूगल) गठ्ठाही असाच शिळा झालाय. त्यातल्या फेसबुक कंपनीचं नाव २०२१मध्ये मेटा झालं, आणि गूगलची मालक कंपनी २०१५पासून अल्फाबेट आहे. ट्विटरचं २०२३मध्ये नुसतं 'एक्स' झाल्यावर तर शोधणाऱ्यांचे हालच आहेत. तिथे 'पूर्वीचं ट्विटर' हे शेपूट आम्ही अजून काढलेलं नाही, आणि इतक्यात काढणारही नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संक्षेपात एसच्या जागी डॉलरचं चिन्ह घालण्याची जुनी खोड मात्र आम्ही पाहताक्षणी खोडतो. तो संक्षेप नाही, टोमणा आहे. टीका करायची तर वाक्यात करा.

आणि हो, वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये संक्षेपावर माउस नेला की पूर्ण नाव दाखवणारा खास टॅग आहे, म्हणून कंस नको, असं काहीजण सुचवतात. फोनवर माउस नसतो. कंस ठेवा.