डाव्या पायाखालची ओल आणि जॉबकार्डावरचे तीन शब्द

‘पुराच्या पाण्याचं नुकसान.’ माझ्या जॉबकार्डावर, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना वर्कशॉप भरतं त्या कागदावर, हे तीन शब्द कुणी लिहिले, ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. गळती सापडायला दीड तास लागला, बुजवायला एक दिवस. हे तीन शब्द खोडायला १९ दिवस गेले. नव्या छोट्या गाडीत पावसाळ्यात पायाखाली ओल लागत असेल, तर गाडी वर्कशॉपला सोडण्याआधी एवढं वाचून जा.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, अडीच वर्षं जुनी, वॉरंटी तीन वर्षांची. लक्षणं नेहमीचीच: सकाळी काचा आतून धुरकट, दार उघडलं की कुबट वास, आणि डाव्या पुढच्या सीटसमोरचं कार्पेट अंगठ्यानं दाबलं की पाणी वर येतं. वरून कार्पेट कोरडं लागलं तरी त्यावर जाऊ नका. त्याच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम असतो, तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. त्याच फोमखालून किंवा दाराच्या उंबऱ्याजवळून वायरिंगचा जुडगा जातो. कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरला की मग सेंट्रल लॉक आपोआप उघडतं, डॅशवर नको ते दिवे लागतात आणि माणूस बॅटरी बदलत बसतो.

आधी पाणी कुठलं ते ओळखायचं. रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर तो कूलंट, इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे हीटरचा कॉइल गळतोय. अशा वेळी काचेवरही आतून तेलकट थर बसतो. स्वच्छ, बिनवासाचं आणि फक्त एसी लावल्यावर येणारं पाणी असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय किंवा निसटलीय. तपासायला सोपं आहे: दमट दिवशी गाडी उभी ठेवून एसी पंधरा मिनिटं चालवायचा आणि गाडीखाली वाकून बघायचं. खाली थेंब नाहीत म्हणजे ते पाणी आत साठतंय, आणि गगनबावड्याच्या वाटेवर एखाद्या वळणाला ते शेजारी बसलेल्याच्या पायावर सांडणार. एसी आठवडाभर बंद ठेवूनही ओल येते? मग पावसाचंच पाणी. मी आठ दिवस एसी लावला नाही, फोमखाली रोज वर्तमानपत्राची घडी ठेवली. पाऊस पडला त्याच दिवशी कागद भिजायचा. एवढं कळायला मेकॅनिक लागत नाही.

पुढचं सगळं वर्कशॉपमधलं.

सर्व्हिस ॲडव्हायजरनं कार्पेट दाबून बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, “साहेब, गाडी पुरात गेलती का?” नाही म्हटलं. त्यानं मान हलवली आणि टाइप करत राहिला. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, त्यात त्याची चूक नाही. चूक माझी: समोर आलेलं जॉबकार्ड न वाचता सही केली. दुसऱ्या दिवशी फोन आला, “वॉरंटीत बसत नाही, इन्शुरन्स क्लेम टाका.”

हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण क्लेमचा हिशेब मांडून बघा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीची वजावट, म्हणजे तेवढे आपल्या खिशातले. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे झीज न कापता पैसे देणारं जादा कव्हर, घेतलेलं नसेल तर रबर, प्लॅस्टिक, नायलॉनच्या भागांचे निम्मेच पैसे. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी २० टक्क्यांपासून वाढत ५० पर्यंत जाते, ती थेट शून्यावर. आणि खरं नुकसान वेगळंच: चॅसी नंबराच्या नावावर सर्व्हिसच्या नोंदीत ‘पूर’ हा शब्द चिकटतो. एमएच ०९ पासिंगची गाडी घेणारा गिऱ्हाईक आधीच सीटखाली गाळ शोधतो. त्याला नोंदच दाखवली तर तो भाव पाडूनच मागणार. शिवाय गळती पत्र्याचे जोड बुजवायला कंपनीनं लावलेल्या सीलंटमधली असेल, तर क्लेममधून नवं कार्पेट मिळेल आणि पुढच्या पावसात तेही भिजेल.

वर्कशॉपचं वागणं मला नंतर समजलं. वॉरंटीचं काम लावायचं तर त्यांना कारण, फोटो आणि बिघडलेला भाग कंपनीपुढे सिद्ध करावा लागतो. ‘बाहेरचं पाणी’ लिहिलं की विषय संपला. समजलं म्हणून राग कमी झाला असं नाही.

मग मी गाडी पुरात गेली नव्हती हे दाखवायला लागलो. तुम्हालाही लागेल, म्हणून सविस्तर सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. गाडी बुडाली असेल तर पट्ट्याच्या आतल्या भागावर पाण्याची रेघ आणि माती दिसते. सीटच्या रुळांत, स्क्रूच्या खाचांत, कार्पेटच्या खालच्या बाजूला गाळ असतो. स्टेपनीच्या खड्ड्यात तो हमखास सापडतो. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. उजवीकडचा फोम आणि मागची दोन्ही बाजूंची कार्पेटं खडखडीत कोरडी होती. पुराचं पाणी डावं-उजवं बघून आत येत नाही, हे मी तिथं तीनदा बोललो. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीलाही पोचली नव्हती. हा आकडा पावसाळ्यात रोज छापून येतो, त्याची कात्रणं लावली. धोका पातळी ४३ फूट, आणि माझी गाडी राहते ती गल्ली त्याच्याही वर कोरडी असते.

तोंडी बोलण्याचा उपयोग शून्य. सर्व्हिस मॅनेजर म्हणाला ॲडव्हायजरशी बोला, ॲडव्हायजर म्हणाला वॉरंटी डेस्कशी बोला, आणि वॉरंटी डेस्कवरचा माणूस रोज जेवायलाच गेलेला. सहाव्या दिवसापर्यंत मी फोनवरच भांडत होतो, ते दिवस वाया गेले. सातव्या दिवशी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केली: जॉबकार्ड नंबर, चॅसी नंबर, किलोमीटर, फोटो, आणि एकच मागणी. ‘नुकसान पुराचं आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरवलं, ते लेखी कळवा, आणि माझ्या समोर वॉटर टेस्ट करा.’ भरपाई, मनस्ताप, नवी गाडी यातलं काही मागितलं नाही. एका वाक्याची मागणी टाळणं अवघड जातं. उत्तर आलं नसतं तर पुढचा टप्पा १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तो मी ईमेलच्या शेवटी लिहून ठेवला होता, लावावा लागला नाही.

अठराव्या दिवशी टेस्ट झाली. त्याच्या आधी वर्कशॉपनं गाडी प्रेशर वॉशरखाली धरून “कुठंच गळत नाही” असं एकदा सांगून झालं होतं. प्रेशर वॉशरनं गळती कळत नाही. त्याचा झोत चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो, आणि पाण्याचा लोट तिथं टिकत नसल्यानं खरी बारीक फट तशीच राहते. साधी पाइप घ्यायची, पुढे नोझल नको, धार संथ. खालून वर जायचं: उंबरा, दाराचा खालचा भाग, काचेची पट्टी, फेंडरची फट, वायपरखालची जाळी, पुढची काच, छत. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत एक जण कार्पेट उलटून, ग्लोव्हबॉक्स काढून, टॉर्च वर धरून बसलेला हवा. पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली की थेंबाची वाट स्पष्ट उमटते.

वायपरखालच्या जाळीच्या डाव्या कोपऱ्यात पाणी धरलं आणि चौथ्या मिनिटाला ब्लोअरच्या डब्याशेजारच्या जोडातून दोऱ्याएवढी धार आली. आत बसलेल्या पोरानं “आलं, आलं” म्हणून ओरडल्यावर मॅनेजर स्वतः वाकून बघायला आला. वायपरचे हात, जाळी आणि डाव्या चाकावरचं प्लॅस्टिकचं आवरण (लायनर) काढलं, तर पत्र्याच्या जोडावरचं फॅक्टरीचं सीलंट इंचभर लागलंच नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी जॉबकार्ड बदललं. ‘पूर’ गेलं, ‘बॉडी सीलिंगमधली गळती’ आलं. बिल शून्य.

दुरुस्तीत बघायचं ते एवढंच: सीलंट पॉलियुरेथेनचं, म्हणजे पीयू, हवं. ते हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतं, त्यामुळे पावसाळ्यातही चालतं, पण पत्रा मात्र पुसून अगदी कोरडा पाहिजे. २४ तास गाडी पावसात काढू नये, मग पुन्हा तीच पाइप त्याच जागी. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन कुणी लावायला निघालं तर हात धरा. ते पत्रा गंजवतं आणि त्यावर रंगही बसत नाही.

जाळीवरून आठवलं. गाडी गुलमोहराखाली लावत असाल तर महिन्यातून एकदा बॉनेट उघडून दोन्ही कोपरे बोटानं साफ करा. त्याची बारीक पानं जाळीतून आत जातात, खाली निचऱ्याचं भोक बुजवतात आणि साठलेलं पाणी ब्लोअरमधून आत येतं. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर ओला असेल तर हेच कारण. सीलंटवाल्याकडे जायची गरज नाही.

बाहेरच्या दुकानातून स्पीकर बसवून घेतलेत? मग आधी दार बघा. काचेवरून दारात पाणी उतरतं ते तसंच ठरवलेलं असतं. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि आतल्या बाजूचा प्लॅस्टिकचा पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकरवाला हा पडदा फाडतो आणि सेलोटेपनं चिकटवून देतो. ब्यूटाइल टेप लावून तो परत बसवायचा. उद्यमनगरात दाराच्या क्लिपाही मिळतात, चार-सहा जास्तीच्या घ्या, कारण काढताना तुटतातच. वर्कशॉपला नेण्याआधी असले बाहेरचे उद्योग तपासून घ्या, नाहीतर वॉरंटी नाकारायला त्यांना खरंच कारण मिळेल.

आणि सुकवणं. नुसतं दार उघडं ठेवून जुलैत फोम सुकत नाही. सीट काढायची तर आधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल सुटी, तीन-चार मिनिटं थांबायचं, मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर. तो एअरबॅगचा किंवा धडकेत सीटबेल्ट घट्ट ओढणाऱ्या प्रिटेन्शनरचा असतो. तो सुटा असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. कार्पेटखाली विटा सरकवून फोम उचलून धरा, टेबलफॅन लावा. मला तीन दिवस लागले. शेवटी हीटर आणि एसी एकत्र अर्धा तास चालवायचा, हवा बाहेरून घेऊन, की उरलेला दमटपणा जातो.

खरोखर पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर यातलं काहीच करू नका आणि चावी अजिबात फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्टचं कव्हर नसेल तर तो खर्च विमा कंपनी सहसा तुमच्यावरच टाकते. गाडी टो करून न्या.

कार्पेटखाली मी अजून कागदाची घडी ठेवतो, दोनदा पाऊस पडून गेला तरी कोरडी निघालीय. जाळीची डावी क्लिप मात्र काढताना तुटली. ती ‘ऑर्डर टाकलीय’ असं सांगून तीन आठवडे झाले. या वेळी क्लिपचं जॉबकार्ड वाचून सही केलीय.